लोणच्याखालचा प्लॉट

संशय घेणं हे माझं काम होतं आणि त्याचा मला पगार मिळायचा. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी भिवंडीच्या निजामपुऱ्यात एका कापड व्यापाऱ्याच्या ऑफिसात हिशेब बघायचे. लूमवरून कापडाचे ताके यायचे, प्रत्येक ताक्यावर मीटरचा आकडा लिहिलेला असायचा, आणि तो आकडा खरा धरणाऱ्या माणसाची आमच्या शेठना भयंकर चीड होती. "नापके देखो," एवढंच ते म्हणायचे. आणणारा ओळखीचा असो, रडका असो, गोड बोलणारा असो, नापके देखो. मोजलं की कुठेतरी कमी भरायचंच. गोड बोलणाऱ्याचं जास्त.

ती सवय अंगात मुरली. भाजीवाल्याच्या काट्याखाली मी वाकून बघते. लग्नपत्रिकेत मुलाचं शिक्षण वाचलं की पहिला प्रश्न मनात येतो, पूर्ण झालंय का? नवरा म्हणतो, ही देवळात गेली तरी घंटा वाजवून बघेल, पितळेचीच आहे ना. म्हणू दे. त्याच्या गोदामातला माल गायब व्हायला लागला तेव्हा कोणावर नजर ठेवावी हे त्याने मलाच विचारलं होतं.

मुलगी झाली आणि नोकरी सुटली. आमचं गाव पडघ्याच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. सासूबाई जिथे भात लावायच्या आणि भात निघाला की वाल पेरायच्या, तिथे आता गोदामांचे पत्रे आहेत. सासरे गेल्यावर उरलासुरला तुकडाही विकला गेला आणि त्यातला एक हिस्सा सासूबाईंच्या नावावर आला. मग काय विचारता! आमच्या दारात चपला मावेनात. कोणी म्हणे टेम्पो घ्या, भाड्याने लावू. कोणी म्हणे सोनाराकडे स्कीम आहे. लांबचा एक भाचा तर पैसे दुप्पट करून देणारा साहेबच घेऊन आला, बुटांसकट सोफ्यावर. मी सगळ्यांना चहा दिला आणि सगळ्यांना वाटेला लावलं. पैसे बँकेत मुदत ठेवीत गेले, सासूबाईंच्याच नावावर. पावती त्यांच्या कपाटात ठेवली, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्याच हातात दिली होती. "तूच ठेव बाय, मना काय कलतं."

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे जमिनीच्या आणि पैशाच्या गोष्टी बायका तोंडावर बोलत नाहीत. पुरुष ओटीवर बसून व्यवहार ठरवायचे आणि बायकांना ते चुलीपाशी कळायचं. मग ज्या बाईला काही म्हणायचं असेल ती भांड्याला सांगायची. म्हणजे खरोखरच. सासूबाई तांदूळ धुता धुता पातेल्याला म्हणायच्या, "बांधापरची जागा इकू नये, मना वाटतं," आणि आतल्या खोलीत सासरे ऐकायचे. ऐकलं तर ऐकलं. मी या घरात आले तेव्हा मला हे विनोदी वाटलं होतं. वर्षभरात मीही मांजराला सांगायला लागले की या महिन्यात विजेचं बिल फार आलंय. सासूबाईंचं आणि माझं पैशाविषयीचं सगळं बोलणं असंच, मधे एखादं भांडं ठेवून.

दारात आलेल्या त्या सगळ्या पाहुण्यांना जी उत्तरं दिली, तीच मी नंतर लिहून काढायला लागले. दुपारी मुलगी शाळेत, घर शांत, मोबाइलवर मराठी टाइप करता येत होतं. त्यातून ब्लॉग झाला. घरखर्च कसा लावावा, भिशीत पैसे टाकताना काय विचारावं, कर्ज देणारी अॅप इतकी प्रेमाने का बोलतात, असं काय काय. लोक वाचायला लागले. मग एका मैत्रिणीने सांगितलं की यावर जाहिराती लाव, चार पैसे येतील. मी लावल्या. म्हणजे मी काहीच लावलं नाही. एका कंपनीला परवानगी दिली, की माझ्या लेखाच्या मधे आणि खाली तुम्हाला काय दाखवायचं ते दाखवा. कोणी त्या जाहिरातीवर बोट दाबलं की मला थोडे पैसे. जाहिरात कोणाची ते मी ठरवत नव्हते, कंपनीचं यंत्र ठरवायचं. वाचणाऱ्याने आधी काय पाहिलंय, तो कुठे राहतो, असं सगळं बघून प्रत्येकाला वेगळी जाहिरात. हे मला माहीत होतं. मी ते नवऱ्याला समजावलं, नणंदेला समजावलं, शेजारणीला समजावलं. सासूबाईंना मी इतकंच सांगितलं होतं, की मी लिहिते त्याचे पैसे येतात. तेही त्यांना नाही, कुकरला सांगितलं होतं.

पैसे फार नव्हते. कधी मोबाइलचं रिचार्ज निघायचं, कधी गॅस सिलिंडर. पण ते माझे होते. मग एका महिन्यात ते अचानक वाढले. इतके की मी चांगल्यातला मिक्सर घेतला आणि नवऱ्याने त्याच्या मित्रांना फोन करून सांगितलं. मला मात्र आनंद टिकवता येत नाही. लेख तेवढेच, वाचणारे तेवढेच, मग पैसे कसे वाढले? ताका जास्त भरला तरी शेठ मोजायला लावायचे. जास्त भरला म्हणजे कोणीतरी कुठेतरी चुकलंय, आणि ते आपल्या अंगावर येणार.

तसंच झालं. कंपनीची ईमेल आली. तुमच्या जाहिरातींवर एकाच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा बोट दाबलं जातंय, हे नैसर्गिक वाटत नाही, असंच चाललं तर खातं बंद करू. सरळ अर्थ असा की मी कोणालातरी बसवून बोटं दाबून घेतेय असा त्यांना संशय. मला! मी जन्मभर दुसऱ्यांचे ताके मोजले आणि आता माझ्यावर कोणीतरी टेप लावली होती. अपमान झाला, राग आला. मी आकड्यांत शोधलं. शहर भिवंडी, मोबाइल फोन, याहून जास्त काही कळेना. पण भिवंडी म्हणजे जवळचंच कोणीतरी.

माझा संशय गेला नणंदेवर. नवऱ्याची मोठी बहीण, दोन गावं पलीकडे दिलेली. मी ब्लॉग सुरू केला तेव्हा ती हसली होती, "आता घरातल्या गोष्टी गावाला वाचून दाखवणार का," असं म्हणाली होती. शिवाय आईच्या पैशांवरून तिच्या यजमानांनी दोन-तीनदा टेम्पोचा विषय काढला होता. माझी जिरवायची म्हणून ती दाबत बसत असणार. नवरा म्हणाला, "कोणी चांगल्या मनाने दाबत असेल, तुला पैसे मिळावे म्हणून." मी त्याच्याकडे बघितलं. चांगल्या मनाने!

त्याच सुमारास सासूबाईंचं काहीतरी बिनसलं. बिनसलं असं मला वाटलं, कारण त्या आनंदात होत्या. गुडघे धरून बसणारी बाई गुणगुणायला लागली. मी दिसले की गालात हसायच्या, काहीतरी ठाऊक असल्यासारख्या, आणि पुन्हा फोनमध्ये डोकं. फोन नवऱ्याचा जुना होता. त्यावर त्या भजनं बघतात अशी माझी समजूत. एकदा विचारलं, तर फोन छातीशी धरला आणि म्हणाल्या, "वाचतंय गो." चौथी शिकलेल्या सासूबाई बोटाने ओळ धरून वाचतात हे मला माहीत होतं. काय वाचतात ते मी विचारलं नाही. भजनाचे शब्द असतील.

मग अकलोलीचं प्रकरण झालं. गरम पाण्याच्या कुंडात गुडघे बुडवायला त्या अधूनमधून जायच्या, त्यात नवल नव्हतं. पण त्या दिवशी परत आल्या तेव्हा मी पिशवी रिकामी करायला घेतली आणि टॉवेल कोरडा. घडीसुद्धा मोडली नव्हती. अकलोलीहून आलेल्या माणसाच्या अंगाला गंधकाचा वास असतो, तो नव्हता. आणि चपलांना तांबडी माती लागलेली, ओली, शेतातली. कुंडाच्या फरशीवर असली माती कुठून येणार?

ताक्यात खोट सापडली की लगेच ओरडायचं नसतं, आधी सगळा ताका उलगडायचा. पुढच्या आठवड्यात त्यांनी नातीला विचारलं की बँक शनिवारी उघडी असते का. मग एका सकाळी कपाट आवरायला मी खुंटीवरची किल्ली घेतली, तर ठेवीची पावती जागेवर नव्हती. ते पैसे माझे नव्हते, त्यातला रुपया मला नको होता. पण सासूबाईंची सगळी उमर ज्या जमिनीत गेली तिचं उरलेलं तेवढंच होतं. ती पावती त्या कपाटात राहावी म्हणून मी अर्ध्या गावाशी वाईटपणा घेतला होता. आता ते कोणीतरी गोड बोलून काढून घेत होतं. कोण, याविषयी मला शंका नव्हती.

रविवारी नणंद आली. मी बोंबील तळत होते, ती ओट्याला टेकून उभी होती. मी कढईला म्हटलं, "काही लोकांना आईची माया टेम्पोएवढीच असते."

नणंद आमच्या घरची असूनही रीत मोडणारी. कढईकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "मना बोलतंस का?"

"मी कोणालाच बोलत नाही, ताई."

"मी आयेकडं एक रुपया मागितला न्हाय. तीच मना सांगत व्हती, सूनबायनं माज्यासाठी जागा बगितली हाय म्हणून. मी बोललू, चांगला हाय. आता तूच उलटी बोलतंस?"

मी हसले. कसं हसले ते आता आठवलं की लाज वाटते. मनात म्हटलं, वा, पैसे तुम्ही काढणार आणि नाव माझं सांगणार. तिने बोंबील न खाता पिशवी उचलली. सासूबाईंनी विचारलं, "जेवली न्हाय ती?" मी म्हटलं, घाई होती.

त्यानंतर दोन दिवसांनी सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून तयार झाल्या. जांभळं, लग्नकार्यातलं. "अकलोलीला जातंय," त्या म्हणाल्या. कुंडात बुडायला कोणी असलं लुगडं नेसत नाही. मी म्हटलं, "मीही येते."

मला वाटलं चेहरा पडेल, बहाणे सुरू होतील. त्यांचा चेहरा खुलला. "चल की! तुज्याबिगर कसा होईल?" म्हणाल्या आणि माझ्यासाठी ओटीवर बसून राहिल्या. मला ते आणखीच संशयास्पद वाटलं.

पडघ्याला अकलोलीची गाडी बदलायची असते. तिथे उतरल्यावर सासूबाई जीपकडे वळल्याच नाहीत. बाजारपेठेच्या टोकाला एक पांढरी गाडी उभी होती, तिच्याजवळ कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. तो दोन्ही हात जोडून पुढे आला. "या आई, या. ह्याच का सूनबाई? आई तुमचं फार सांगतात." त्याने माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं. इतका गोड माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि मी बरेच पाहिलेत.

गाडी आत आत गेली. डांबर संपलं, मग खडी संपली. एका शेतात रंगीत झेंडे लावलेले होते, चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारून चौकोन पाडलेले होते, आणि समोर एक भलीमोठी कमान. कमानीला दोन्ही बाजूंना भिंत नव्हती, नुसती कमान. गाय तिच्या बाजूने आत जात होती. माणूस सांगत होता, इथे रस्ता, इथे बाग, इथे मंदिर. मी विचारलं, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?" तो म्हणाला, "ऑफिसला आहे मॅडम, दाखवतो ना." बिनशेतीची परवानगी झाली आहे का, म्हणजे इथे कायद्याने घर बांधता येईल का? "प्रोसेसमध्ये आहे, समजा झालीच." समजा म्हटल्यावर मला सगळं समजलं. मी पावलांनी चौकोन मोजायला लागले. तो म्हणाला, "अहो मॅडम, मोजताय काय, विश्वास ठेवा." मोजला तर सांगितलेल्या गुंठ्यात तो कुठेच बसत नव्हता.

मी त्याला सुनवायला वळले आणि सासूबाई दिसल्या. एका चौकोनाच्या मधोमध त्या उकिडव्या बसल्या होत्या, दुखऱ्या गुडघ्यांसकट. मातीचं ढेकूळ हातात घेऊन चुरत होत्या, वास घेत होत्या. "वाल व्हईल," त्या म्हणाल्या. माणसाला नाही, मलाही नाही, ढेकळाला. "भात व्हवाचा न्हाय, पन वाल व्हईल चांगला." मग कमरेच्या पिशवीतून त्यांनी चेकबुक काढलं. ठेव त्यांनी आधीच मोडली होती, पैसे बचत खात्यात आले होते. चेकवर सही करायला त्या माझ्या हाताच्या आधाराची वाट बघत होत्या.

"आई, कोणी सांगितलं तुम्हाला या जागेचं?" मी विचारलं. ओरडलेच असेन. "ताईंनी? त्यांच्या यजमानांनी? नाव सांगा मला."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी थट्टा करतेय का हे त्यांना कळेना. "आगो, तूच सांगितलंस ना."

"मी?"

"मंग कोन? तोंडानं बोलाची न्हायस, म्हणून लिवून सांगतेस. मना कलतं ना. मी बी तुना बोलली न्हाय, पोरगा मधी पडंल म्हणून." आणि त्यांनी फोन काढला. घरच्या ग्रुपवर मी दर वेळी नवीन लेख टाकायचे, तो त्यांनी उघडला. माझाच लेख. हप्त्यावर प्लॉट घेताना काय काय फसतं, असा. बारीक अक्षरात तो खाली खाली जात होता. त्यांचं बोट त्यावरून सरकत थेट तळाला गेलं. तिथे मोठ्ठ्या अक्षरांत, हिरव्या रंगात: पडघ्याजवळ हप्त्यावर प्लॉट. नारळाची झाडं, विहीर, आणि हीच कमान.

"ह्ये बग. पयल्यांदा हितं लिवलंस. मंग भिशीच्याखाली लिवलंस. मंग गॅसच्याखाली. लोनच्याला वर्साचा तेल-मीठ किती लागतो त्याच्याखालीपन त्येच. रोज सांगत व्हतीस. मी बोलली, पोरीच्या मनात इतका हाय, तर बगून तरी येऊ."

मी माझा फोन काढला, तोच लोणच्याचा लेख उघडला. माझ्या फोनवर खाली प्रेशर कुकर होता.

तेव्हा सगळं एकदम उलगडलं. त्यांनी एकदा त्या चित्रावर बोट ठेवलं असणार, आणि मग ते चित्र त्यांना सोडेना. जिथे जातील तिथे हजर. त्यांना वाटलं, सून मागे लागलीय. दर वेळी त्या नीट बघायला म्हणून दाबायच्या. विहीर आहे का ते बघायला दाबायच्या, माती दिसते का ते बघायला दाबायच्या. आणि प्रत्येक दाबण्याचे पैसे माझ्या खात्यात. मी आकड्यांत ज्या वैऱ्याला शोधत होते, त्या या जांभळ्या लुगड्यात माझ्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या.

इस्त्रीवाला जवळ आला. "काय मॅडम, ठरलं ना मग? आईंची फार इच्छा आहे."

आजूबाजूला भांडं नव्हतं, मांजर नव्हती. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "आई, ही जागा घेऊ नका. मी सांगतेय. तोंडाने सांगतेय." लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांना पैशाबद्दल सरळ बोललेलं माझं हे पहिलं वाक्य होतं.

"मंग तितं कशाला लिवलंस?"

"मी नाही लिहिलं. वरचं माझं आहे. वर मी घेऊ नका असंच लिहिलंय. खालचं दुसऱ्याचं."

"तुज्या लिवन्यात दुसरा कोन येऊन बोलतो?"

"कंपनी. मला माहीत नसतं ते कोण काय बोलतं."

"तुना ठाव न्हाय?" त्यांनी हातातली माती बघितली, मग मला. "त्याचं पैसं तू घेतंस ना पन?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? इस्त्रीवाल्याने चहा मागवला होता, तो आम्ही प्यायला नाही. परत पडघ्यापर्यंत त्याने गाडीने सोडलं नाही. शेतातून डांबरापर्यंत आम्ही दोघी चालत आलो, मी त्यांचा दंड धरून, त्या दर थोड्या वेळाने थांबून. पदराच्या टोकाला त्यांनी काहीतरी बांधून घेतलं होतं. बसस्टॉपवर त्यांनी गाठ सैल केली तेव्हा दिसलं, माती होती.

पैसे पुन्हा ठेवीत गेले. मधेच मोडल्यामुळे व्याज बुडालं, ते बुडालं. कंपनीने माझं जाहिरातींचं खातं बंद केलं. मी त्यांना सगळं खरं लिहून कळवलं, की त्या माझ्या सासूबाई होत्या, त्यांना वाटलं मी त्यांच्याशी बोलतेय. उत्तर आलं नाही. ते वाचून कोणी विश्वास ठेवला असता? मी ठेवला नसता. मी अजून लिहिते, जाहिराती नाहीत, पैसेही नाहीत. नवरा म्हणतो दुसरी कंपनी बघू. मी बघितली नाही. नणंदेकडे जाऊन मी तिच्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि सरळ तिला म्हटलं, ताई, माझं चुकलं. ती म्हणाली, "बस, बोंबील खा."

मिक्सरचं खरं कळल्यावर सासूबाई पोट धरून हसल्या. "म्हंजे ह्यो माज्या आंगठ्याचा मिक्सर!" म्हणाल्या, आणि आलेल्या-गेलेल्याला तो दाखवायला लागल्या. गच्चीत रंगाच्या रिकाम्या बादल्यांत त्यांनी पदरातली ती माती घरच्या मातीत मिसळली आणि वाल टोचला. तो उगवला. शेंगाही धरल्या. मला वाटलं, मिटलं.

पण एक गोष्ट झाली. आता मी त्यांना काहीही सांगितलं, साधं, की आई, ही गोळी जेवणानंतर घ्यायची, तरी त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहतात. मग विचारतात, "ह्ये तू सांगतंस, का दुसरा कोन?" पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदाही. त्या थट्टा करत नव्हत्या. माझ्यामधून भलताच कोणी बोलू शकतो हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि मला ते कळत नाही हेही. मी म्हणते, "मीच, आई." त्या मान हलवतात आणि गोळी माझ्या नवऱ्याला दाखवून मगच घेतात.

या घरात, या गावात, मी सगळ्यांना मोजून घेतलं. मला न मोजता घेणारं एकच माणूस होतं, आणि मला ते तेव्हा कळलंसुद्धा नाही. आता त्याचं फार वाईट वाटतं.

परवा बँकेतून व्याजाचा कागद आला. तो ठेवायला मी नेहमीसारखी कपाटापाशी गेले. किल्ली खुंटीवर नव्हती. सासूबाई उठल्या, कमरेची पिशवी सोडली, किल्ली काढली आणि माझ्या हातातला कागद घेतला. कपाटासमोर माझ्याकडे पाठ करून त्या उभ्या राहिल्या. किल्ली लावली, पण फिरवली नाही. मी आधी वाट बघत राहिले, त्यांना जड जात असेल म्हणून. मग लक्षात आलं, त्याही वाट बघत होत्या. मी खोलीबाहेर गेले, तेव्हा मागे कपाट उघडल्याचा आवाज आला.